ब्राउझर उघडला की जुना कॉम्प्युटर हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

४ जीबी रॅम, साधी फिरणारी हार्डडिस्क, विंडोज १० आणि त्यावर क्रोम. माझ्याकडे जे लॅपटॉप आणि पीसी येतात ते बहुतेक याच जातीचे, दहा-एक वर्षांपूर्वी घेतलेले, आणि आता कुणाच्या झेरॉक्सच्या दुकानात, कुणाच्या सेवा केंद्रात नाहीतर घरी मुलांच्या अभ्यासाला लावलेले. तक्रार सगळ्यांची एकच, "नेट उघडलं की मशीन हँग होतं". आणि त्यातल्या अर्ध्या लोकांनी एकदा तरी फॉरमॅट मारून घेतलेला असतो, थोडे दिवस बरं चालतं आणि मग परत येरे माझ्या मागल्या.

फॉरमॅटने बरं वाटतं कारण सगळी एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) जातात, आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम जातात, उघडे राहिलेले टॅब जातात. ते सगळं हळूहळू परत जमतं आणि प्रॉब्लेम परत येतो. म्हणजे ज्या गोष्टी काढायच्या त्या फॉरमॅट न मारता पण काढता येतात, फक्त मेमरी, म्हणजे रॅम, नक्की कोण खातंय ते आधी डोळ्यांनी बघायला पाहिजे. अंदाजाने टॅब बंद करत बसू नका आणि अंदाजाने रॅम पण विकत घेऊ नका.

आधी लक्षणं जुळतायत का बघा

मेमरी कमी पडत असेल तर सहसा असं होतं: एका टॅबवरून दुसऱ्यावर गेलं की पान काही सेकंद पांढरं राहतं आणि त्याच वेळी हार्डडिस्कचा लाइट सलग पेटलेला दिसतो. माऊसचा बाण हलतो पण क्लिक केलेलं उशिरा लागतं. टाईप केलेली अक्षरं थांबून थांबून एकदम येतात. मागे ठेवलेला टॅब परत उघडला की पान नव्याने लोड होतं. कधी क्रोममध्ये "ऑ, स्नॅप" येऊन खाली "आउट ऑफ मेमरी" लिहिलेलं असतं. आणि हे सगळं सकाळी कमी, दुपारनंतर जास्त.

पण पंखा मोठ्याने फिरतोय आणि मशीन तापतंय एवढंच असेल तर तो प्रोसेसरवरचा ताण किंवा आत साचलेली धूळ, त्याला ही पोस्ट उपयोगाची नाही. ब्राउझर बंद असताना पण फोल्डर उघडायला वेळ लागत असेल तर हार्डडिस्कवर संशय घ्या, शेवटी "इथे थांबा" मध्ये त्याचं लिहिलंय, थेट तिथे जा. आणि फक्त पानं उशिरा येतायत, बाकी मशीन टुणटुणीत आहे, असं असेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बघा, तेव्हा नीट चाललं तर प्रॉब्लेम तुमच्या वायफायचा आहे, कॉम्प्युटरला हात लावू नका.

पहिलं, एकही पैसा न लागणारं: रिस्टार्ट, शटडाऊन नाही

लोक म्हणतात "अहो रोज रात्री बंद करतो की". विंडोज ८ पासून पुढे फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक मशीनमध्ये चालू असते, त्यात शटडाऊन केलं तरी विंडोजचा आतला गाभा आणि ड्रायव्हर (मशीनचे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) जसेच्या तसे डिस्कवर साठवून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि खाली "अप टाइम" बघा. रोज बंद होणाऱ्या मशीनवर तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसतो. रिस्टार्ट केलं की मात्र खरंच सगळं नव्याने सुरू होतं. आठवड्यातून एकदा तरी रिस्टार्ट करा, एवढ्यावर भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

दुसरं: कोण किती खातंय ते बघा

हीच खरी पायरी आहे आणि हीच लोक सोडतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये नुसतं क्रोम, क्रोम, क्रोम अशा ढीगभर ओळी दिसतात, त्यातून काही कळत नाही. क्रोम किंवा एज उघडं ठेवून शिफ्ट आणि एस्केप दाबा, ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. फायरफॉक्स असेल तर वरच्या पट्टीत अबाउट, मग कोलन, मग प्रोसेसेस असं इंग्रजीत टाईप करून एंटर मारा. मेमरीच्या रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा वर येतो.

आता यादी वाचायची कशी. प्रत्येक टॅबची ओळ असते, प्रत्येक एक्स्टेन्शनची वेगळी, आणि काही ओळींवर "सबफ्रेम" लिहिलेलं असतं. सबफ्रेम म्हणजे त्या पानाच्या आत घुसवलेली दुसऱ्या साइटची चौकट, बहुतेक वेळा जाहिरात. २०१८ पासून क्रोम सुरक्षेसाठी वेगवेगळ्या साइटना वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवतो, एका साइटला दुसरीचा डेटा वाचता येऊ नये म्हणून, आणि ते चांगलंच आहे, पण त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते. म्हणून बातम्यांचं एक पान, ज्यात चार जाहिराती आणि कोपऱ्यात आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आहे, ते पाच-सहा ओळी अडवून बसतं आणि साधा निकाल बघायच्या पानापेक्षा कितीतरी जास्त खातं. त्यामुळे "किती टॅब उघडे चालतील" याला काही अर्थ नाही, कुठले टॅब ते महत्त्वाचं.

एका झेरॉक्सच्या दुकानातलं मशीन सांगतो. टॅब बघितले तर आठ-दहाच होते, मालकाला वाटत होतं एवढ्याने काय होतंय. शिफ्ट-एस्केप दाबलं तर सगळ्यात वर व्हॉट्सॲप वेब, सकाळपासून उघडं, दिवसभर गिऱ्हाइकांनी पाठवलेले फोटो आणि पीडीएफ त्यात साठत गेलेले, एकटंच पाऊण जीबीच्या आसपास. त्याखाली पीडीएफ लहान करून देणारी साइट तीन वेगवेगळ्या टॅबमध्ये, कारण पोर्टलला ठरावीक साइजच्या आतच फाइल लागते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा टॅब उघडला जातो आणि जुना कुणी बंद करत नाही. त्याखाली एक कूपन शोधून देणारं एक्स्टेन्शन, जे कुणी टाकलं ते कुणालाच माहीत नव्हतं. खरं काम चालू होतं तो फॉर्म यादीत कुठेतरी तळाला होता.

अशा ठिकाणी करायचं एवढंच: जास्त खाणाऱ्या टॅबवर जाऊन एफ-५ दाबा आणि परत आकडा बघा. आकडा बराच खाली आला तर ते पान दिवसभरात फुगत जाणारं आहे, व्हॉट्सॲप वेब, लाइव्ह स्कोअर, शेअर बाजाराचे चार्ट ही त्यातलीच. त्यांना दिवसातून दोनदा रिफ्रेश मारायची सवय लावा. लॉगिन जात नाही, चॅट जात नाहीत. रिफ्रेश मारूनही आकडा तेवढाच राहिला तर ते पान मुळातच जड आहे, काम झालं की बंद करा.

बंद करताना जीव होत नाही हे मला माहितीय, नंतर लागेल म्हणून ठेवलेलं असतं. कंट्रोल-शिफ्ट-डी दाबा, त्या खिडकीतले सगळे टॅब एका बुकमार्क फोल्डरमध्ये जातात, फोल्डरला तारखेचं नाव द्या आणि मग निर्धास्त बंद करा. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल-शिफ्ट-टी ने परत येतो. आणि सेटिंगमध्ये "ऑन स्टार्टअप" खाली "कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ" निवडलेलं असेल तर ते काढा, नाहीतर कालचे सगळे टॅब आज सकाळी परत हजर.

तिसरं: एक्स्टेन्शन्स

एक्स्टेन्शन टॅब बंद केला तरी बंद होत नाही, आणि काही एक्स्टेन्शन प्रत्येक पानात स्वतःचा कोड घुसवतात, म्हणजे दहा टॅब उघडे तर दहा जागी. एक्स्टेन्शनच्या पानावर जाऊन जे ओळखीचं नाही ते काढाच, आणि पीडीएफ कन्व्हर्टर, कूपन, वॉलपेपर, "स्पीड बूस्टर" हे पण काढा. आधी बटणाने नुसतं बंद करून एक दिवस बघा, काही अडलं नाही तर रिमूव्ह. जाहिराती अडवणारं एक मात्र ठेवा, एकच, दोन नाही. ते स्वतः थोडी मेमरी खातं पण वर सांगितलेल्या सबफ्रेम येऊच देत नाही, त्यामुळे हिशेब फायद्यात राहतो. क्रोमने नियम बदलल्यापासून त्यात युब्लॉक ओरिजिन लाइट चालतं, पूर्ण युब्लॉक ओरिजिन हवं असेल तर फायरफॉक्स वापरा.

चौथं: मेमरी सेव्हर, पण फॉर्म सांभाळून

क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स म्हणून भाग आहे, तिथे मेमरी सेव्हर चालू करा, एजमध्ये याच कामाला स्लीपिंग टॅब्स. वापरात नसलेला टॅब क्रोम मेमरीतून काढून टाकतो, वर नाव तेवढं दिसत राहतं, आणि तुम्ही परत गेलात की पान नव्याने लोड होतं. ४ जीबीच्या मशीनवर याचा फरक लगेच जाणवतो.

आता ज्यांचं कामच फॉर्म भरण्याचं आहे त्यांनी इथे थांबून नीट वाचा. शिष्यवृत्तीचा, प्रवेशाचा, दाखल्याचा फॉर्म अर्धा भरलाय, ओटीपी आलाय, मधेच दुसरं गिऱ्हाइक आलं, तुम्ही दुसऱ्या टॅबवर गेलात, परत आलात तर सगळं कोरं, हे झालं की मुलगा आणि त्याचे आईवडील समोर उभे असतात आणि कधीकधी शेवटची तारीख असते. अर्धवट भरलेला फॉर्म दिसला तर क्रोम तो टॅब सहसा झोपवत नाही, पण सरकारी पोर्टलची पानं वेगवेगळ्या पद्धतीने बनवलेली असतात, त्यावर विसंबू नका. त्याच परफॉर्मन्सच्या पानावर "ऑलवेज कीप दीज साइट्स ॲक्टिव्ह" अशी यादी आहे, त्यात तुम्ही रोज वापरता ती सगळी पोर्टल टाकून ठेवा. बाकीच्यांना झोपवू दे. आणि पोर्टलवर सेव्ह ड्राफ्टचं बटण असेल तर प्रत्येक पानाला दाबा, कारण पोर्टलचं स्वतःचं सेशन पण ठरावीक वेळाने संपतं, त्याचा मेमरीशी संबंध नाही.

स्कॅनिंगचं पण इथेच सांगून टाकतो कारण हे कुणी मोजत नाही. ए-४ कागद ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केला की चित्र होतं साधारण ४९६० बाय ७०१६ ठिपक्यांचं. फाइल भले २ एमबीची दिसो, ती उघडली की प्रत्येक ठिपक्याला जागा लागते आणि एकाच पानाला मेमरीत १३० एमबीच्या पुढे जातात. तोच कागद २०० डीपीआयला स्कॅन केला तर नववा हिस्सा. दाखले, मार्कशीट यांना २०० पुरतं, अक्षर स्वच्छ वाचता येतं, आणि फाइल लहान करायच्या साइटवर जायचीच गरज उरत नाही.

पाचवं: ब्राउझरच्या बाहेर

टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप टॅबवर जा, जे सुरुवातीला लागत नाही ते डिसेबल करा. अँटिव्हायरस, टचपॅड, साउंड यांना हात लावू नका, सेवा केंद्रवाल्यांनी अंगठ्याच्या मशीनची आणि डिजिटल सिग्नेचरची सर्व्हिस पण राहू द्या. क्रोमच्या सिस्टिम सेटिंगमध्ये क्रोम बंद केल्यावरही मागे चालू राहण्याचा पर्याय असतो तो बंद करा, एजमधला स्टार्टअप बूस्ट पण.

मग परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि "कमिटेड" चा आकडा बघा, ६.८ भागिले ७.२ असा काहीतरी दिसेल. दुसरा आकडा म्हणजे रॅम आणि डिस्कवर राखून ठेवलेली पेजफाइल मिळून एकूण जागा. रॅम भरली की विंडोज त्यातलं सामान पेजफाइलमध्ये टाकतो, ओट्यावर जागा संपली की डबे माळ्यावर चढवायचे आणि लागला की शिडी लावून उतरवायचा तसं. पांढरं पान आणि सलग पेटलेला लाइट म्हणजे ही चढउतार चालू आहे. पहिला आकडा दुसऱ्याला टेकला की "आउट ऑफ मेमरी" येतं. कुणाच्या सल्ल्याने पेजफाइल बंद केली असेल तर परत "सिस्टिम मॅनेज्ड" करा. आणि सी ड्राइव्ह लाल झालेला असेल तर पेजफाइलला वाढायला जागाच नसते, निदान १५-२० जीबी रिकामे ठेवा. डाउनलोड्स फोल्डरमध्येच सहसा तेवढं निघतं.

दोन गोष्टी करू नका. रॅम क्लीनर, रॅम बूस्टर टाकू नका, ते फक्त रॅममधलं जबरदस्तीने पेजफाइलमध्ये ढकलतात, आकडा छान दिसतो आणि पुढच्या क्लिकला मशीन आणखी अडतं. आणि रोज ब्राउझरची कॅशे (आधी बघितलेल्या पानांची साठवण) साफ करू नका, ती डिस्कवर असते, रॅम त्याने मोकळी होत नाही, उलट सगळी पानं परत पहिल्यापासून उतरवावी लागतात.

सहावं: खर्च करायचा तर कशावर

वरचं सगळं करूनही दुपारी मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क १०० टक्के दिसत असेल तर मशीनच कमी पडतंय. माझं मत: ४ जीबी आणि साधी हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी, आत काही न फिरणारी वेगवान डिस्क. रॅम तेवढीच राहिली तरी ती चढउतार कितीतरी पट वेगाने होते आणि मशीन चालू होण्यापासून सगळंच सुधारतं. एसएसडी आधीच असेल आणि ४ जीबी असेल तर रॅम ८ करा. २ जीबी असेल तर मात्र आधी रॅमच. दोन्ही जमलं तर अशा मशीनवर फॉर्म, व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल एवढं काम अजून काही वर्षं आरामात निघतं.

रॅम घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. सेटिंगमध्ये सिस्टिम, मग अबाउट, तिथे "३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम" लिहिलेलं असेल तर नवी रॅम टाकून उपयोग नाही, ते विंडोज ४ जीबीच्या पुढे वापरूच शकत नाही आणि त्यातलीही थोडी वाया जाते. ही एकच केस जिथे मी स्वतः फॉरमॅट मारून ६४-बिट टाकायला सांगतो, आणि ते पण प्रोसेसर ६४-बिटचा असेल तरच, त्याच पानावर "एक्स-६४ बेस्ड प्रोसेसर" लिहिलेलं असतं. दुसरं, टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर "स्लॉट्स यूज्ड" बघा, १ ऑफ २ असेल तर दुसरा रिकामा आहे. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, तिथे काही करता येत नाही. तिसरं, प्रकार: डीडीआर-३ आणि डीडीआर-४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, आणि डीडीआर-३ वाल्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर-३-एल लागते, १.५ व्होल्टची टाकली तर चालू होत नाही. जुनी काढून दुकानात घेऊन जा, तशीच मागा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय हे पण खर्चाआधी डोक्यात ठेवा, वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली नसेल तर करून घ्या. विंडोज ७ किंवा ८.१ वर असाल तर क्रोम १०९ वरच अडकलेला आहे, बँकेची आणि सरकारी साइट नीट न चालणं त्यामुळे पण असू शकतं. नुसतं ब्राउझिंग, युट्यूब, मेल असेल तर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी टाकायची फुकटची सिस्टिम, तिची एक्सएफसीई आवृत्ती जुन्या मशीनवर छान चालते, घरच्या लॅपटॉपला मी बिनधास्त सुचवतो. सेवा केंद्राच्या मशीनवर नको, अंगठ्याचं मशीन आणि सहीचा टोकन आधी त्यावर चालवून बघितल्याशिवाय तर अजिबातच नको.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

हार्डडिस्कमधून टक-टक आवाज येतोय. मशीन लगेच बंद करा, काही टेस्ट चालवू नका, आत महत्त्वाचं असेल तर डेटा काढून देणाऱ्याकडेच न्या. आवाज नाही पण संशय आहे तर क्रिस्टल डिस्क इन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा, पिवळ्यात "कॉशन" दिसलं तर आधी सगळा डेटा पेनड्राइव्हवर घ्या, बाकी सगळं नंतर.

लॅपटॉपचं तळ फुगलंय, टचपॅड वर आलाय. बॅटरी फुगलीय, चार्जर काढा आणि स्वतः उघडू नका, एसएसडी टाकायच्या नादात तिथे स्क्रूड्रायव्हर लागला तर आग लागते.

निळी स्क्रीन येते किंवा मशीन मधेच आपोआप रिस्टार्ट होतं. स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नोस्टिक शोधून चालवा, त्यात एरर आली तर रॅम खराब आहे, कमी नाही. मेमरीच्या पानावर "नॉन-पेज्ड पूल" (विंडोज आणि ड्रायव्हरनी अडवून ठेवलेली रॅम) एक जीबीच्या पुढे गेलेला दिसला आणि रिस्टार्टनंतर परत चढत असेल तर एखादा ड्रायव्हर मेमरी गिळतोय, तो शोधायला जाणकार लागतो.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं कोपऱ्यात सारखं येत असेल तर त्या नंबरवर फोन करू नका आणि कुणालाही स्क्रीनचा ताबा देऊ नका. बहुतेक वेळा ती एखाद्या साइटला चुकून दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते, साइट सेटिंगमध्ये जाऊन ती काढली की थांबतं. तरी थांबलं नाही तर मशीन नेटवरून काढा आणि ओळखीच्या माणसाला दाखवा.

दुरुस्तीवाल्याकडे नेताना "हँग होतंय" एवढंच सांगू नका, नाहीतर तो पण फॉरमॅटच मारणार. शिफ्ट-एस्केपच्या यादीचा आणि टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून न्या. एसएसडी टाकून घेत असाल तर जुनी हार्डडिस्क चांगली असल्यास क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करून मागा, म्हणजे विंडोज, टोकनचे ड्रायव्हर, सेव्ह केलेले पासवर्ड सगळं जसंच्या तसं येतं. आणि जुनी हार्डडिस्क परत मागून घ्या, त्यात गिऱ्हाइकांचे आधार आणि पॅन पडलेले असतात.